मी जवळच होते

"आधी पाणी, मग बोलणं," असं म्हणून ताई समोरच्याच्या हातात पेला द्यायच्या. समोर मोठा डॉक्टर असो, झाडूवाली असो की रडत आलेला नातेवाईक, पेला रिकामा होईपर्यंत त्या काही ऐकून घ्यायच्या नाहीत. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल, जिच्यापुढे भले भले मुकाट्याने पाणी पितात.

त्या उज्जैनच्या आमच्या इस्पितळात नर्स होत्या आणि मी फिजिओथेरपिस्ट. साथीत आम्ही दोघी एकाच वॉर्डात होतो. साथ ओसरल्यावर इस्पितळाच्या ट्रस्टने मागच्या बाजूला दोन खोल्या उघडल्या. बरे होऊनही ज्यांना दम लागायचा, त्यांना एका खोलीत मी श्वासाचे व्यायाम शिकवायचे. दुसऱ्या खोलीत दर बुधवारी इंदूरहून समुपदेशक बाई यायच्या, त्या फक्त आम्हा कर्मचाऱ्यांसाठी. व्यवस्था सगळी ताईंकडे.

बुधवारी कोणी फिरकायचं नाही. मला काय धाड भरलीय, असं जो तो म्हणायचा. मग ताईंनी युक्ती काढली. ज्याची झोप उडालीय, ज्याचे हात थरथरतात, त्याला बोलावून त्या एक फाईल द्यायच्या, जरा आत देऊन ये म्हणायच्या आणि बाहेरून दार ओढून घ्यायच्या. फाईल कोरी असायची. शववाहिनीचे ड्रायव्हर, सहा फुटी गडी, असेच आत अडकले आणि तासाभराने डोळे पुसत बाहेर आले. "धोका दिया आपने, दीदी," एवढंच म्हणाले. पुढच्या बुधवारी आपणहून हजर.

ताई स्वतः मात्र कधी आत गेल्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, मला काय झालंय, वजन वाढलंय तेवढंच.

काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. साथीत नातेवाइकांना आत सोडत नसत. माणूस गेला की घरी फोन ताईच करायच्या. प्रत्येकाला एकच सांगायच्या, "तकलीफ नहीं हुई. मैं पास ही थी." इतक्या खाटांमध्ये एकटी नर्स प्रत्येकाच्या जवळ कशी असणार? मी शेजारी उभी राहून ते ऐकायचे आणि गप्प बसायचे.

एका सकाळी भैरवगढहून एक बाई व्यायामाला आल्या. घरी कापडावर ठसे मारायचं काम, त्यामुळे बोटं निळी-तांबडी. नवरा-बायको दोघं आजारी पडले होते. नवरा आमच्याच वॉर्डात वारला होता. ताई पाणी पुढे करत दोन शब्द बोलल्या आणि बाईंनी आवाज ओळखला. फोन तुम्हीच केला होता ना, असं त्यांनी विचारलं. मग पदर सावरत त्या म्हणाल्या, "आखिर में मेरा नाम लिया था क्या उन्होंने?"

हो म्हणा, ताई, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

ताईंनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मैं पास नहीं थी, बहनजी. लौटी तब तक वे जा चुके थे. फोन पर मैंने झूठ बोला."

बाई उठल्या, चपला घातल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर ताईंना रात्री झोप येईना, कशात लक्ष लागेना. सांगितलेलं विसरायच्या, बोलता बोलता थांबायच्या. एका बुधवारी मी त्यांना समुपदेशक बाईंच्या दारापर्यंत नेलं, तर तिथून परत फिरल्या. "मी खोटं बोलले ते चुकलं, की खरं बोलले ते?" त्यांनी मला विचारलं. मी एवढंच कबूल केलं की त्या फोनांच्या वेळी शेजारी उभी राहून मीही गप्प होते. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने भैरवगढच्या बाई परत आल्या. जिना चढून धाप लागली होती. त्या थेट ताईंसमोर बसल्या. त्या वेळी तुम्ही होतात कुठे, एवढंच त्यांना हवं होतं. ताईंनी सांगितलं, कोपऱ्यातल्या खाटेवर एका तरुण मास्तरांचा श्वास थांबला होता, मी त्यांची छाती दाबत होते.

"वो बचा?"

"नहीं."

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उसके पास तो थीं आप."

तेव्हा ताई रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पुढच्या बुधवारी त्या कुणी न सांगता आत गेल्या, आणि मग जात राहिल्या. बाईंनी माफ केलं असं मात्र मी म्हणणार नाही. त्या व्यायामाला यायच्या, ताईंशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या.

निवृत्त झाल्यावर ताई देवासला भावाकडे राहायला निघाल्या. मी उज्जैनच्या देवास गेट बस स्टँडवर पोचवायला गेले. भर दुपार, बस खच्चून भरलेली. त्यांना कशीबशी खिडकीजवळ जागा मिळाली. औषधं वेळेवर घ्या, पोचल्यावर फोन करा, असं मी खालून सांगत होते. उत्तर येईना म्हणून पाहिलं, तर गजाला डोकं टेकवून त्या गाढ झोपल्या होत्या. कंडक्टर ओरडत होता, मागच्या बसचा हॉर्न वाजत होता. त्यांना कशाचीच जाणीव नव्हती.

बस हलली. हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मी मिटून घेतलं.