परसातले पेरू

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ज्याने केली त्याने आमचं नाशिकचं घर पाहिलं नसावं. तिथे दोन्ही होतं. मधे आई उभी होती.

परसात पेरूचं झाड होतं. थंडीत फांद्या वाकतील इतके पेरू लागत. ते खायचे भावांनी. मुलींनी असलं आंबटगोड खाल्लं की त्या लवकर वयात येतात, अशी आईची पक्की समजूत. लिंबू, चिंच, आवळा, सगळंच त्यात आलं. दूधही भावांना, कारण त्यांना शिकायचं होतं. आम्ही दोघी बहिणी आईबरोबर, सगळ्यांच्या मागून जेवायला बसायचो. तोवर पालेभाजीच्या पातेल्यात नुसतं पाणी उरलेलं असे, त्यात भाकरी कुस्करायची. आई स्वतःही तेच खाई. म्हणून तिच्यावरचा माझा राग कमी होतो असं मात्र नाही.

मी चौदा वर्षांची असताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. सकाळी चूळ भरली की मोरीत लाल पाणी. आई म्हणाली, उष्णता झाली. तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या, मिश्री सुरू झाली, आणि आंबटाने हिरड्या सैल होतात म्हणून आंबटाची बंदी आणखी कडक झाली. खालचा एक दात जिभेने हलायला लागला. तो पडेल या धास्तीने मी भाकरी एका बाजूनेच चावत असे.

थोरल्या भावाला ताप आला म्हणून डॉक्टर घरी आले, तेव्हा त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी हिरडी दाबून पाहिली आणि वडिलांना सांगितलं, हिला औषध नको, रोज पेरू द्या, आवळा, लिंबू द्या, हिरवी भाजी आणि दूध द्या. कचेरीत साहेबापुढे हलवत तशीच मान वडिलांनी हलवली. डॉक्टरांची पाठ वळली आणि पेरू भावाच्या उशाशी गेले. तो आजारी होता ना.

मग लासलगावचं एक स्थळ आलं. मुलीचे दात बघायचे तर तोंड उघड असं कोणी म्हणत नाही, काहीतरी खायला देतात. मुलाच्या आत्याने ताटातला पेरू माझ्या हातात दिला. आमच्याच झाडाचा होता. मी कितीतरी वर्षांनी पेरू चाखत होते, म्हणून हावरटासारखा मोठा चावा घेतला. पांढऱ्या गरावर रक्त उमटलं. आत्याबाईंनी ते पाहिलं, शेजारी बसलेल्या मुलाच्या आईला कोपराने खुणावलं, आणि चहा न घेताच मंडळी उठली.

मला वाटलं, आता मार बसणार. तो बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून मला पेरू मिळू लागले. वरणावर लिंबू, मेथीची भाजी पहिल्या वाढीची, रात्री पेलाभर दूध. वयात येण्याची भीती कुठे पळाली कोण जाणे. होळीच्या आत रक्त थांबलं, हलता दातही घट्ट बसला. इतकं सोपं होतं ते, आणि याचाच मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो. माझ्या तोंडातून रक्त येत होतं तेव्हा घरात कोणाचं काही अडलं नव्हतं. स्थळ मोडलं तेव्हा अडलं.

एका दुपारी आईने माझ्यापुढे पेरू ठेवला. धाकट्या बहिणीने हात पुढे केला. ती आठ वर्षांची होती. आईने तिचा हात हळूच, अगदी मायेने, बाजूला सारला.

"तुला कुठे कोणी बघायला येतंय अजून?"

मी पेरू फोडला आणि अर्धा बहिणीच्या हातावर ठेवला. आईकडे बघत मी माझा अर्धा कचाकचा चावून खाल्ला. रक्त आलं नाही.