किल्डरच्या जंगलातल्या तीन शिट्ट्या

आधीच सांगून टाकतो, मी या सदराचा वाचक आहे, भक्त नाही. इथले गूढ अनुभव मी चहाबरोबर वाचतो, मनातल्या मनात त्यातल्या चुका काढतो आणि कामाला लागतो. मी पॅथॉलॉजी लॅबमधला माणूस. शंका आली की सॅम्पल पुन्हा तपासायचं, त्याशिवाय रिपोर्टवर सही करायची नाही, ही इतक्या वर्षांची सवय. 'वाटलं', 'भास झाला' असले शब्द आमच्याकडे चालत नाहीत. त्यामुळे हे लिहायला तीन वर्षं गेली... आणि तेही मुलीला विचारूनच लिहितोय.

आम्ही लंडनजवळ वॉटफर्डला राहतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी सई. माझी बायको वृंदा २००५च्या फेब्रुवारीत गेली. आजार जेमतेम चार महिन्यांचा. सई तेव्हा तेरा वर्षांची होती.

वृंदाला कॅम्पिंगचं वेड होतं, आणि तेही ऑक्टोबरमध्ये. शहाणी माणसं ऑगस्टमध्ये तंबू ठोकतात. ही आम्हाला शाळेच्या हाफ-टर्मच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या आठवडाभराच्या सुट्टीत उत्तरेला न्यायची, कारण तेव्हा तळ्यांवर गर्दी नसते, झाडं लालपिवळी झालेली असतात आणि थंडीत खिचडी चांगली लागते. आणि खिचडी म्हटली की प्रेशर कुकर आलाच. लग्नानंतर पुण्याहून साड्यांमध्ये गुंडाळून आणलेला, तीन लिटरचा, एका बाजूची मूठ तडकलेला.

मी दरवर्षी गाडी भरताना म्हणायचो, "अगं, लोक बार्बेक्यू घेऊन जातात."

"लोकांना जळके सॉसेजेस आवडतात. तुला आवडतात का? मग गप डिकीत ठेव."

पहिली शिट्टी झाली की आजूबाजूच्या तंबूंमधली माणसं दचकून बाहेर यायची. एकदा कॉनिस्टनच्या तळ्याकाठी एक गोरे आजोबा आग विझवायचं ब्लँकेट घेऊन धावत आले होते. वृंदाने त्यांना खुर्ची दिली आणि खिचडी वाढली. पुढच्या दोन दिवसांत ते बरोबर जेवायच्या वेळेला दोनदा 'सहज' डोकावून गेले.

त्या कुकरची शिट्टी अडखळायची. आधी सूं-सूं, मग बंद पडल्यासारखी, आणि मग एकदम लांबलचक. पहिल्या शिट्टीनंतर वृंदा चमच्याने झाकणावर दोनदा टकटक करायची, म्हणे पुढची नीट येते. या शास्त्राला कसलाही आधार नव्हता, आणि मी तसं तिला दरवेळी सांगायचो. खिचडीला शिट्ट्या तीन. तिसरी झाली की गॅस बंद आणि मग हाक... "चला, ताटं घ्या, थंड होतंय." आम्ही तळ्याकाठी कुठेही भटकत असलो तरी त्या शिट्ट्यांवरून परत यायचो. यायला उशीर झाला की ती चिडायची. खिचडी थंड होऊ देणं हा तिच्या लेखी एकमेव अक्षम्य गुन्हा होता.

ती गेल्यावर एकदा मी तोच कुकर लावला. पहिली शिट्टी झाली आणि मला स्वयंपाकघरात उभं राहवेना. गॅस बंद केला आणि सईला पिझ्झा मागवून दिला. पुढच्या शनिवारी ती मैत्रिणीकडे गेली असताना कुकर, वृंदाचे कोट, बूट, सगळं बॅगांमध्ये भरून, दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये देऊन आलो. सईला विचारलं नाही. मला वाटलं होतं, एकदाच काय ते दुखेल आणि संपेल. मूर्खपणा होता, आणखी काय म्हणणार?

सई घरी आली, सिंकखालचं कपाट उघडून बघितलं आणि बंद केलं. त्यानंतर वर्षभर आमच्या घरात 'हो', 'नको' आणि 'फाइन' हे तीनच शब्द होते. २००६च्या सप्टेंबरमध्ये तिने माझ्या मेहुणीला परस्पर फोन केला आणि तिच्याकडे हाउन्सलोला राहायला जायचं ठरवलं. शाळा बदलायची, सगळं ठरलेलं. मेहुणी बिचारी माझ्याशी बोलताना रडली. हाफ-टर्म संपली की सई जाणार होती, तिची सूटकेस भरून हॉलमध्ये उभी होती. मी एवढंच म्हणालो की जायच्या आधी आपण एकदा आई न्यायची त्या रस्त्याने जाऊ. ती "फाइन" म्हणाली.

पहिले दोन दिवस अल्सवॉटरच्या तळ्याकाठी काढले. पाऊस, ओला तंबू आणि कानात इअरफोन घातलेली मुलगी. तिसऱ्या दिवशी कार्लाईल ओलांडून, स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या अरुंद रस्त्यांनी किल्डरला पोचलो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, किल्डर म्हणजे एक प्रचंड जलाशय आणि त्याच्याभोवती मैलोन् मैल लावलेलं स्प्रूसचं, म्हणजे सुईसारख्या पानांच्या उंच झाडांचं जंगल. एका रांगेत झाडं, सगळी सारखी, खाली अंधार. मोबाइलला रेंज नव्हती. कॅम्पसाइटवर आमच्याशिवाय फक्त एक कॅराव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, होती.

दुपारी दोनच्या सुमारास मी उघड्या पातेल्यात खिचडी करायला घेतली. मला वाटलं, निदान एवढं तरी करावं. तासाभराने वाढली. सईने एक घास घेतला.

"बाबा, हा कच्चा आहे." तिचं मराठी असंच, इंग्लंडमध्ये वाढलेलं.

"आणखी थोडी शिजवू का?"

तिने ताट खाली ठेवलं. "तू आईचा कुकर का दिला?"

वर्षभरात तिने विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. आणि मी काय उत्तर द्यावं? "अगं, जुना झाला होता. मूठ तडकली होती."

"खोटा बोलतो तू," ती म्हणाली. "तू मला विचारला पण नाही. इट वॉज माइन टू." आणि ती उठून तंबूच्या मागच्या रस्त्याने जंगलात चालती झाली.

मी लगेच मागे गेलो नाही. म्हटलं, राग उतरू दे. भांडी घासली. अर्धा तास झाला, मग पाऊण. तेवढ्यात पाण्यावरून धुकं वर सरकायला लागलं आणि बघता बघता समोरची कॅराव्हॅन दिसेनाशी झाली. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

रस्त्याने हाका मारत निघालो. त्या जंगलात आवाज जातच नाही, झाडं तो पिऊन टाकतात. एके ठिकाणी रस्त्याला दोन फाटे फुटले, मी डावीकडे वळलो. पुढे तोही रस्ता संपला, मी झाडांमध्ये शिरलो आणि पाच मिनिटांत मला स्वतःला कळेना मी आलो कुठून. चारी बाजूंना तेच खोड, तेच शेवाळ. घसा बसला होता. चौदा वर्षांची मुलगी, अंगात पातळ जॅकेट, आणि तासाभरात अंधार पडणार. वृंदाला मी काय सांगू, हा एकच विचार. ती नाही हे माहीत असूनही तोच विचार.

आणि तेव्हा शिट्टी ऐकू आली.

आधी सूं-सूं. मग बंद पडल्यासारखी. मग लांबलचक. आणि त्यानंतर टक, टक.

माझ्या अंगावर काटा आला वगैरे काही झालं नाही. मी घाबरलोही नाही. पाय आपोआप वळले आणि मी चालायला लागलो, वीस वर्षं जसा चालत आलो होतो तसाच. थोड्या वेळाने दुसरी शिट्टी झाली, जवळून. मी जवळजवळ पळत होतो. फांद्या तोंडावर लागत होत्या. तिसरी शिट्टी झाली ती अगदी समोर, पुढच्या झाडांच्या रांगेपलीकडे. मी धडपडत बाहेर पडलो.

झाडं तोडून केलेली लहानशी मोकळी जागा होती. ओलं गवत, एक ओंडका, कडेला ओढा. आणि समोरच्या बाजूने, झाडांमधून, सई धावत बाहेर येत होती.

ती थांबली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. त्या रिकाम्या जागेवर सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "कुठे आहे?"

काय कुठे आहे, असं मी विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून ती सगळी जागा पालथी घातली. ओंडक्यामागे बघितलं, ओढ्यापलीकडे बघितलं. ना स्टोव्ह, ना राख, ना गवतावर कोणाचं पाऊल. ओढ्याच्या कडेने एक पायवाट खाली उतरत होती. तिने आम्ही दहा मिनिटांत कॅम्पसाइटवर पोचलो.

आता माझ्यातला लॅबवाला जागा झाला. गाडीत बसल्या बसल्या मी सईला म्हणालो, "बोलू नकोस. काय ऐकलंस ते आधी लिही." डायरीची दोन पानं फाडली, एक तिला दिलं, एक मी घेतलं. एकमेकांचं न बघता लिहिलं आणि मग पानं बदलली. तीन शिट्ट्या. पहिली अडखळत. पहिलीनंतर टकटक, दोनदा. दोन्ही पानांवर तेच. फक्त सईच्या पानावर स्पेलिंगच्या चुका होत्या.

कॅराव्हॅनमध्ये एक वयस्कर जोडपं होतं. ते दुपारभर दार लावून पत्ते खेळत होते आणि सँडविच खाऊन झोपले होते. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. साइट सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं, जंगलात लाकूडतोडीची मशीनं चालू आहेत का? त्या म्हणाल्या, आज रविवार, आज कोण काम करणार? पक्षी असेल, असंही त्या म्हणाल्या. असेलही. दोन दुःखी माणसांना एकाच वेळी एकच भास होऊ शकतो, असंही मी नंतर वाचलं. पण मग दोघांना तो एकाच जागेवरून कसा आला? सई पूर्वेकडून आली होती, मी पश्चिमेकडून. मी नकाशावर दोन रेघा काढून बघितल्या आहेत. हा रिपोर्ट माझ्या टेबलावर तसाच पडून आहे, सही न केलेला.

घरी आल्यावर मी ते चॅरिटी शॉपही गाठलं. कुकर केव्हाच कोणीतरी नेला होता. हे सईला सांगितलं, आणि का दिला होता तेही खरं खरं सांगितलं. सूटकेस आणखी आठवडाभर हॉलमध्ये होती, मग एके दिवशी सईने मावशीला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि सूटकेस वरच्या मजल्यावर परत गेली. आता आम्ही भांडतो, बोलतो. बऱ्याचदा ती बोलते आणि मी ऐकतो.

पण गाडीतलं एक सांगायचं राहिलंय. खरं म्हणजे मी ते आतापर्यंत टाळत होतो.

वाचून झाल्यावर सईने दोन्ही पानांची घडी घातली. मग म्हणाली, "बाबा, शिट्टी ऐकला तेव्हा तू मला शोधत होता?"

हो म्हणणं सोपं होतं. कुठल्याही बापाने हो म्हटलं असतं, पण त्या वर्षात मी तिच्याशी पुरेसं खोटं आधीच बोललो होतो.

"नाही," मी म्हणालो. "आधी शोधत होतो. शिट्टी ऐकली आणि विसरलो तुला. मी तिच्याकडे चाललो होतो."

"मी पण," ती म्हणाली. "मला वाटला, थंड होईल, ती चिडेल. म्हणून मी पळत होते."

आणि मग ती रडली. आईच्या अंत्यसंस्कारालाही न रडलेली माझी मुलगी गियरच्या दांड्यावरून माझ्या खांद्यावर वाकून रडली, आणि मीही रडलो. काचा धुरकट झाल्या, बाहेर अंधार पडला तरी आम्ही तसेच बसून होतो.

ते काय होतं, मला माहीत नाही. दर ऑक्टोबरला आम्ही तिथे जातो, त्या मोकळ्या जागेत उभे राहतो, आणि काहीही ऐकू येत नाही. त्या दिवशी आम्ही दोघं धावत पोचलो ते वृंदासाठी. वृंदा भेटली नाही, सई भेटली. लोक म्हणतात, यात समाधान मानावं. मला जमत नाही. मला दोघी हव्या होत्या, आजही हव्या आहेत.