पुसलेलं नाव

पडद्यावर माऊसचा बाण एका चौकटीपाशी थबकला होता. तो मीच हलवला होता, हे ओळखायला मला एक क्षण लागला.

माझी भाची मुक्ता सहलींच्या वेबसाइटची पानं बनवते. "मावशी, हा फॉर्म सोपा वाटतो का सांग," म्हणत मागच्या आठवड्यात तिने मला चहा देऊन लॅपटॉपसमोर बसवलं होतं. आज सहज तिच्या ऑफिसात गेले, तर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर, माझंच त्या दिवशीचं फॉर्म भरणं रेकॉर्ड करून दाखवत होते. 'सोबत कोण?' या चौकटीत नाव उमटलं, सुधाकर, आणि एकेक अक्षर पुसलं गेलं. हे गेले त्याला अजून वर्षही झालं नाही. बोटांची सवय सुटलेली नाही.

"इथे लोक अडखळतात, ही चौकट काढू या," मुक्ता सगळ्यांना म्हणाली.

"मुक्ता, मी ते पुसलं होतं गं."

"पुसलेलंही दिसतं, मावशी. त्यासाठीच तर भरायला सांगितलं."

आपल्या काकांचं नाव तिने ओळखलं नाही, असं कसं म्हणू? आपल्या माणसाने गिळलेला शब्द ऐकू आला, तरी न ऐकल्यासारखं करायचं, एवढी माया घरात असते असं मी समजत होते.

संध्याकाळी तिने सुधारलेलं पान पाठवलं. आता फक्त माझं नाव हवंय. मी एक अक्षर लिहिलं आणि पुसलं. तेही तिला दिसलं असेल.