डिटेक्टिव्ह श्रीरंगच्या हातात काय होते?

प्रथम तारखा, कारण तारखांवाचून केलेली तक्रार नुसती कुरकुर ठरते. सन १९९७, दिवाळीनंतरचा वाचनालयाचा वार्षिक महोत्सव, समारोपाची संध्याकाळ : शामरावांचे बरोबर उत्तर चूक ठरवण्यात आले. सन २०००, उन्हाळा : ज्या पुस्तकांवरून ते उत्तर तपासता आले असते, ती रद्दीत विकण्यात आली. सन २००५, पौष : शामराव गेले. त्याच महिन्याची अखेर : शोकसभा, जिच्याविषयी पुढे लिहिणार आहे. आता जबाबदार व्यक्ती. वाचनालयाचे अध्यक्ष, प्रश्न काढणारे प्राध्यापक, आणि कपाटाची किल्ली खिशात असूनही ती बाहेर न काढणारे कार्यवाह. त्यांची नावे मी लिहीत नाही, आणि वाचनालय कोणत्या गावचे हेही लिहीत नाही. ज्यांनी उत्तर द्यायचे आहे, त्यांना ते पुरेपूर ठाऊक आहे.

शामराव गेल्याचे मला त्यांच्या पत्नी सुमनवहिनींनीच दूरध्वनीवरून कळवले. मी पिपरी मेघेला अंगणात वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. “भाऊजी, हे गेले,” एवढेच त्या म्हणाल्या. मी लगोलग सिंदीची गाडी धरली. दुकानाचे शटर अर्धे खाली ओढलेले होते. सिंदी रेल्वेच्या बाजारपेठेत शामरावांचे कापडाचे दुकान वडिलांपासून चालत आलेले. सकाळच्या वेळी ते शटर अर्धवट उतरलेले मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

आमची ओळख वर्ध्याच्या कॉलेजातली. पुढे मी दिवाणी न्यायालयात लघुलेखक झालो आणि निवृत्तीपर्यंत दुसऱ्यांचे निकाल टंकलिखित करीत राहिलो. शामराव बी.कॉम. होऊन गादीवर बसले. मला ते आयुष्यभर “वकीलसाहेब” म्हणत. मी वकील नाही, हे मी दर वेळी सांगे आणि दर वेळी ते म्हणत, “म्हनून त फी घेत नाई तू.” आम्हाला बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती, डिटेक्टिव्ह श्रीरंग. आमच्या पिढीला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. स्वस्त कागदावर छापलेल्या, लाल-पिवळ्या मुखपृष्ठांच्या त्या कादंबऱ्या आम्ही वर्गात बाकाखाली धरून वाचल्या. फरक इतकाच की मी त्या वाचल्या आणि मोठा झालो. शामरावांनी त्या वाचल्या आणि पुन्हा वाचल्या. कोणत्या प्रकरणात श्रीरंगने चहा नाकारला, कोणत्या खुनाच्या तपासात त्याने आपल्या मावशीवर संशय घेतला, हे त्यांना गिऱ्हाइकापुढे लांबरुंद कापड उलगडता उलगडता आठवे.

श्रीरंग पडद्यावर तीनदा आला, आणि या तीन अवतारांविषयी शामराव बोलू लागले की गिऱ्हाइक खरेदी विसरून बसे. पहिला कृष्णधवल चित्रपटातला. तो रंगभूमीवरचा नट होता. चित्रीकरण अर्ध्यावर आलेले असताना त्याचा डावा पाय मुरगळला. काठी दिली तर नायक म्हातारा दिसेल, म्हणून दिग्दर्शकाने त्याच्या हाती छत्री दिली. ही हकिगत शामरावांनी एका जुन्या दिवाळी अंकात त्या नटाच्याच मुलाखतीत वाचली होती. पण त्यांचा भर छापील शब्दावर नव्हता, डोळ्यांवर होता. दुकानामागच्या खोलीत व्हिडिओवर तो चित्रपट लावून ते मला म्हणाले होते, “इंटर्व्हलच्या आधी पाह्य. हात मोकये. आता इंटर्व्हलनंतर पाह्य. छत्री आली. ऊन पडून राह्यलं, पानी नाई, काई नाई, अन् हा बाबू छत्रीवर वजन टाकून उभा. डावा पाय पाह्य न लेका!” मी पाहिला. तो पाय खरोखरच टेकत नव्हता.

दुसरा अवतार रंगीत चित्रपटातला. त्या नटाने छत्री घ्यायला नकार दिला आणि काळा गॉगल लावला. वर्ध्याच्या थिएटरात पहिल्याच प्रसंगाला मागून आरोळी उठली होती, “छत्री कुठं इसरला बे?” चित्रपट आठवड्यात उतरला. शामराव म्हणत, बिचारा तोच कादंबरीच्या जवळ होता, आणि त्यालाच लोकांनी पाडले. तिसरा अवतार नव्वदच्या दशकात दूरदर्शन मालिकेतून आला. रविवारी सकाळी नामावलीत एक काळी छत्री सावकाश उघडे आणि तिच्यावर अक्षरे उमटत. त्या मालिकेनंतर ज्यांनी श्रीरंगची एकही कादंबरी वाचली नव्हती, त्यांनाही श्रीरंग म्हणजे छत्री हे पाठ झाले.

आता १९९७. मालिकेच्या लाटेवर वाचनालयाने महोत्सवात ‘डिटेक्टिव्ह श्रीरंग प्रश्नमंजूषा’ ठेवली. शामराव अंतिम फेरीत पोहोचले, यात नवल नव्हते. समोर एक तरतरीत बँक कर्मचारी होता. दोघांचे गुण समान झाले आणि प्राध्यापकांनी निर्णायक प्रश्न वाचला : “डिटेक्टिव्ह श्रीरंगच्या कादंबऱ्यांमध्ये त्याच्या हातात सदैव कोणती वस्तू असते?” शामरावांनी घंटी वाजवली आणि नीट खात्री करून घेतली. “कादंबऱ्यांमध्ये म्हनता न सर? मंग कोनतीच नाई. त्याचे हात मोकये असतात.” सभागृह हसले. बँकवाल्याने ‘छत्री’ म्हटले, टाळ्या पडल्या, बक्षीस गेले. शामराव जागेवरून उठले नाहीत. ते म्हणाले, “सर, सगळ्या कादंबऱ्या त्या कपाटात हायेत. तुमच्याच मागं. उघडा न. एकात तरी छत्री दाखवा, मी सगळ्यांसमोर कान पकडतो.” व्यासपीठाच्या मागे, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर, ते लोखंडी कपाट होते. लेखकाची झाडून सारी पुस्तके त्यात होती. असा पूर्ण संच जिल्ह्यात दुसरीकडे नव्हता. कार्यवाह उठले, खिसा चाचपला आणि म्हणाले, “आता कुठं कपाट उघडत बसता शामरावजी, वांग्याची भाजी थंडी होऊन राह्यली.” लोक पुन्हा हसले. मग अध्यक्षांना विनोद सुचला. त्यांनी कोपऱ्यातली कोणाची तरी छत्री मागवली आणि ‘उत्तेजनार्थ बक्षीस’ म्हणून शामरावांच्या हाती दिली. शामरावांनी नमस्कार करून ती घेतली.

ती छत्री ते पुढे रोज वापरत. मी संतापून म्हटले, फेकून द्या ती. तर म्हणाले, “छत्रीनं काय केलं? तिले काऊन शिक्षा?” हा त्यांचा स्वभाव. माझा तो नाही. मी दुसऱ्याच दिवशी वाचनालयास पहिले पत्र लिहिले. त्यात दाखवून दिले की प्रश्नात ‘कादंबऱ्यांमध्ये’ असे शब्द आहेत. परीक्षक स्वतःच्या प्रश्नाने बांधलेला असतो. आणि उपलब्ध पुरावा पाहण्यास नकार देऊन दिलेला निर्णय नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाविरुद्ध आहे. उत्तर आले, ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ पुढील पत्रांना तेवढेही आले नाही. मी समक्ष गेलो, तर कार्यवाह म्हणाले, “साहेब, खेळ होता जी तो. एवढं काय मनावर घेता?”

खेळ! तो खेळ कोणाला केवढ्याला पडला, ते मी सांगतो. शामरावांचा धंदा त्यांच्या शब्दावर चालत असे. बाई कापड हातात घेऊन विचारी, “रंग जाईन काय हो?” आणि शामराव म्हणत, “नाई जात.” बस्स. त्या दोन शब्दांवर पार रोहणा गावापासून माणसे लग्नाचा बस्ता बांधायला येत. महोत्सवानंतर कोणीतरी गंमत म्हणून विचारले, “छत्रीवानी त नाई न सांगून राह्यले शामरावजी?” दुकानात हशा पिकला. शामरावही हसले. मग ती म्हणच झाली. द्वेष कोणाच्या मनात नव्हता, हे मी मान्य करतो. पण थट्टा रोज एकाच जागी पडू लागली की तिथे खळगा होतो.

तरीही कपाट जागेवर होते, आणि कपाट जागेवर होते तोवर शामराव निश्चिंत होते. “सत्य कुठं पयून जाते काय?” असे ते म्हणत. ते पळाले नाही, विकले गेले. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना जागा हवी म्हणून समितीने ‘हलके वाङ्मय’ निकाली काढले. ज्या संस्थेविरुद्ध तक्रार प्रलंबित आहे, त्याच संस्थेने त्याच तक्रारीतला पुरावा रद्दीत घालावा, याला न्यायालयात काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आम्हाला हे कळले ते भाजीबाजारात. शामराव आणि मी भाजी घ्यायला गेलो होतो. सेलूकडून माळव्याची पाटी घेऊन येणारी कौसल्याबाई आमची नेहमीची. तिने हिरव्या मिरच्या छापील कागदात बांधल्या आणि पुडा पुढे करीत म्हणाली, “घ्या शामरावजी, तुमचा डिटेक्टिव्ह आज मिरच्या बांधून राह्यला.” शामरावांनी पुडा उलगडला; पानाच्या कोपऱ्यात वाचनालयाचा शिक्का होता. मिरच्या पिशवीत ओतल्या आणि ते तिथेच, वांग्यांच्या ढिगाशेजारी उभे राहून पान वाचू लागले. “बाई, ह्याच्या पुढचं पान?” कौसल्याबाई म्हणाली, “पुढचं गेलं न बाप्पा कोथिंबिरीत. मले काय मालूम तुमाले पायजे होतं!” त्या दिवशी त्यांनी नको तेवढी भाजी घेतली. घरी वहिनी विचारत्या झाल्या, एवढ्या मिरच्यांचे करू काय?

मी नागपूरच्या दुकानांना लिहिले. प्रकाशनसंस्था कधीच बंद झाली होती. इतर वाचनालयांनीही हेच केले होते. काही सुटी पुस्तके मिळाली. त्यांत छत्री नव्हती. पण कायद्याची अडचण अशी की एखादी गोष्ट आहे हे दाखवायला एक पान पुरते, ती नाही हे दाखवायला संपूर्ण संच लागतो. आणि संच मिरच्या-कोथिंबिरीत गेला होता.

यानंतर जे घडले त्याची नोंद कोणत्याही कार्यवृत्तात नाही. शामराव डळमळू लागले. प्रथम मला ते कळले नाही. एकदा मी दुकानात बसलो असताना एका गिऱ्हाइकाने नेहमीचा प्रश्न विचारला. शामरावांनी कापड बोटांत चोळले, उजेडाकडे धरले आणि म्हणाले, “बहुतेक नाई जानार...” बहुतेक! हा शब्द त्या गादीवरून मी पूर्वी कधीही ऐकला नव्हता. गिऱ्हाइकाने कापड परत ठेवले. मी शामरावांकडे पाहिले, तर ते घडी घालण्यात गुंतले होते.

आमची शेवटची भेट दवाखान्यात झाली. श्वास लागत होता, तरी विषय त्यांनीच काढला. “वकीलसाहेब, घाटातल्या खुनाची कादंबरी तुले आठोते? त्याच्यात पाऊस होता न. श्रीरंग बंगल्यावर गेलता. कसा गेलता?” मी म्हणालो, “भिजत गेला.” “नक्की?” “नक्की.” “मले आता छत्री दिसते रे तिथं... डोये मिटले की दिसते. टीव्हीतली असन काय? का पुस्तकातच होती, अन् मीच इतके वर्स...” मी ठणकावून सांगितले की पुस्तकात छत्री नव्हती. तर म्हणाले, “लेखी दे.” मी खरोखरच पेन काढले आणि औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून, सही करून दिले. त्यांनी ते वाचले आणि बऱ्याच दिवसांनी पूर्वीसारखे हसले. “साक्षीदार तू, वकीलबी तूच. कोन्तं कोर्ट मानन हे?” मग म्हणाले, “जाय आता. गाडी चुकन तुही. उद्या येजो.”

ज्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, तो ती ठाऊक नसल्यासारखा गेला. मला हळहळ वाटते ती याची. बक्षीस गेले, ते जावो. पण माणसाच्या डोक्यातले खरे चित्र पुसून तिथे दुसरे बसवण्याचा अधिकार समितीला कोणत्या नियमाखाली मिळाला?

शोकसभा त्याच सभागृहात झाली. अध्यक्ष बोलायला उठले. शामराव कसे दिलदार, कसे रसिक, हे सांगून त्यांनी शेवटी ‘एक गोड आठवण’ सांगितली : श्रीरंगचे एवढे वेड असूनही शामरावांना त्याची छत्री कशी आठवली नाही, आणि मग आपण त्यांना छत्रीच कशी दिली! सभा हळुवार हसली. शोकसभेत हसतात तशी. सुमनवहिनी पहिल्या रांगेत होत्या. पदर ओठांशी धरून त्याही हसल्या. परत येताना रिक्षात त्या माझ्याकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, “भाऊजी, एक विचारू? खरंच चुकले होते काय हो हे?”

मी त्यांना उत्तर दिलेले नाही. माझे उत्तर मित्राचे उत्तर आहे, आणि त्याची किंमत शामरावांनीच मला सांगून ठेवली आहे. हे उत्तर मला वाचनालयाच्या अध्यक्षांकडून हवे आहे, खाजगी पत्राने नव्हे, त्याच सभागृहात, त्याच व्यासपीठावरून, लोकांसमोर. पुस्तके त्यांनी विकली आहेत, तेव्हा कादंबऱ्यांत छत्री होती की नव्हती हे मी त्यांना विचारत नाही. ते आता त्यांना सिद्ध करता येणार नाही. मी एवढेच विचारतो : महोदय, शामरावांना चूक ठरवण्यापूर्वी, आपण किंवा आपल्या प्राध्यापकांनी, त्या कपाटातली एक तरी कादंबरी उघडून वाचली होती काय? होय किंवा नाही. सुमनवहिनींना घेऊन मी येईन. त्यांच्याकडे पाहून सांगावे.