काकूंचा सदरचा नाताळ

आमच्या शेजारच्या काकू प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. डिसेंबर लागला की लोकरी टोपी घालून फाटकाशी मला गाठतात आणि शहरातल्या सदर भागाच्या गोष्टी सुरू करतात. "सदरचा नाताळ पाह्यला का तू? नाही पाह्यला! अवं, आमच्या लहानपणी या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत कागदी चांदण्या राहत. बँड वाजे. आम्ही इतवारीहून पायी जाऊ!"

यंदा संध्याकाळी मी त्यांना स्कूटीवर बसवून सदरला नेलं. रस्ताभर नुसत्या गाड्या, आणि चांदण्या दोन-चार दुकानांवरच. काकू मान वर करून रिकाम्या गच्च्या पाहत राहिल्या. उगाच आणलं यांना, असं मला वाटलं.

तेवढ्यात गल्लीतून नाताळची गाणी म्हणणाऱ्या पोरापोरींचा टेम्पो आला. काकू स्कूटीवरून उतरून थेट रस्त्यात जाऊन हात वर करून उभ्या राहिल्या. "थांबा गा! मलेबी घ्या!" गिटारवाल्या मुलीने हसत हात दिला, आणि साडी सावरत काकू चढल्यासुद्धा. शब्द येत नव्हते, तरी सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

"काय पाहून राहिली वं? ये ना मागं!" त्या वरून ओरडल्या.

मी स्कूटी सुरू केली आणि गाण्याच्या ठेक्यावर हॉर्न वाजवत त्यांच्या मागे निघाले.