रबियाआपाचं खोगीर

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा या गोष्टीला वळसा घालूनच गेले. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका – मलाच नीट सांगता येणार नाही.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या एका पावसाळ्यातली गोष्ट. माझं नवीनच लग्न झालं होतं. नवरा केळापूरजवळच्या आमच्या गावात मास्तर. घर लहानसं, सासूबाई आमच्यासोबतच, मागे गाईचा कोठा. शेजारी रबियाआपा राहायची. ती सुईण. तिचा नवरा टांगा चालवायचा. तो वारल्यावर तिनं टांगा विकला, घोडी मात्र ठेवली. जंगलात कोलामांची पोडं होती, म्हणजे त्यांच्या वस्त्या. तिथवर धड रस्ता नव्हता. आपा पदर कमरेला घट्ट खोचून घोडीवर बसायची आणि बाळंतपणाला जायची. सुरुवातीला लोक हसले असतील. मी आले तेव्हा कोणी हसत नव्हतं.

त्या वर्षी तिची लेक वणीला बाळंत व्हायची होती. पावसाळ्यात नाले भरले की घोडीवरून जाणं तसंही बंद. आपा घोडी मागे बांधून बैलगाडीनं वणीला निघाली. तिचं छप्पर गळायचं, म्हणून खोगीर माझ्याकडे ठेवलं. तिच्या नवऱ्यानं हौसेनं करून घेतलेलं चामड्याचं खोगीर, आणि ते ठेवायची लाकडी घोडीही. मधल्या खोलीत तिनं ते स्वतः बसवलं. मला म्हणाली, "हे पाय बेटी, खुंटीले टांगजो नको, जमिनीवर ठेवजो नको. वरतून सुती फडकं टाकजो. चुलीपासून दूर. आणि ओल लागू देजो नको, ओल लागली का शिवण सडते."

हे सगळं मला समजलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला सूट द्यावीशी वाटणार नाही.

पहिला महिना मी नीट सांभाळलं. फडक्यानं पुसायची, पट्टे सोडून हवा द्यायची, बोटावर तेल घेऊन चामड्याला चोळायची. मग माझ्या भावानं मला शिलाई मशीन पाठवली. गावातली पहिली! बायका बघायला येऊ लागल्या. मशीन ठेवायला उजेडाची जागा एकच – मधल्या खोलीतली खिडकी. आणि तिथं खोगीर.

काय अवघड होतं? थोडं सरकवता आलं असतं. सासूबाईंच्या खोलीत ठेवता आलं असतं. पण मला ते डोळ्यांपुढेच नको होतं. चामड्याचा वास येतो, बायका नाक मुरडतात – असं मीच ठरवलं. खोगीर उचललं आणि मागे कोठ्यात नेऊन टाकलं. जमिनीवर. लाकडी घोडीवर मी बेतलेले कपडे टाकू लागले. खोगिरावर कोणी तरी कडब्याच्या पेंढ्या रचल्या. मी पाहिलं – आणि काढल्या नाहीत. उद्या काढू म्हणत राहिले.

दसरा झाल्यावर निरोप आला, आपा येते आहे. मी धावत कोठ्यात गेले. पेंढ्या बाजूला केल्या आणि हात मागे घेतला. खोगिरावर हिरवी-पांढरी बुरशी चढली होती. खालचा तंग – घोडीच्या पोटाखालून आवळायचा पट्टा – गोमूत्राच्या ओलीत लिबलिबीत झाला होता. मी घाबरले. गरम पाण्यानं सगळं घासलं. चुलीपुढे धरून वाळवलं. चामडं आखडलं, कडक झालं, त्याला भेगा पडल्या. त्या भेगांत मी काजळी आणि तेल भरलं. तंगाची शिवण दोन ठिकाणी उसवली होती. तिथं मी मशीनच्या दोऱ्यानं चार टाके घातले. कपड्याचा दोरा! वरून काळं फासलं. लाकडी घोडीवर ठेवून पाहिलं, तर नव्यासारखं दिसत होतं. आणि मला – काय सांगू – बरं वाटलं. जमलं, असं वाटलं.

आपा आली त्याच दुपारी लेतू आला. दूरच्या पोडावरचा कोलाम. त्याची बायको भीमा आदल्या दिवसापासून अडली होती. आपा पाणीसुद्धा प्यायली नाही. सरळ आमच्याकडे आली, खोगीर उचललं. तंग हातात घेऊन थांबली. "कडक लागून राह्यला वं. लाकडी घोडीवरच व्हतं ना?"

मी म्हटलं, "हो आपा. जसं दिलंत तसंच."

तिनं माझ्या गालाला हात लावला. "तुह्या हाती दिलं म्हंजे मले काय पाहा लागते?" आणि तिनं तंग आवळला.

तेव्हा बोलता आलं असतं. तुम्ही म्हणाल, भीतीनं जीभ लुळी पडली असेल. नाही. चांगली चालत होती. मी तिला म्हटलं, सांभाळून जा.

संध्याकाळ व्हायच्या आत बैलगाडी आली. गाडीत आपा आडवी, तोंड पांढरंफटक. नाल्याच्या उतारावर तंग तुटला, खोगीर फिरलं, ती दगडांवर पडली. मांडीचं हाड गेलं होतं. तिनं लेतूला पुढे जायला सांगितलं, पण तो तिला तशी टाकून गेला नाही. धावत जवळच्या गावातून गाडी आणली, तिला गाडीत घातलं आणि मग पोडाकडे पळाला.

लोक गाडीभोवती जमले होते. मीही उभी होते. आपाच्या हातात तुटलेला पट्टा होता. आता ती माझ्याकडे बघेल, आता माझं नाव घेईल – मी वाट बघत होते. ती कण्हत म्हणाली, "माहीच चूक झाली. तंग ओढून पाह्यला नाई म्या. घाई केली."

दुसऱ्या दिवशी कळलं. भीमा गेली. मूल जगलं होतं.

मी मशीनवर बसले होते. नवऱ्यानं येऊन सांगितलं. मी ऐकलं, आणि माझा पाय चालतच राहिला. कापड संपलं, सुई नुसतीच टकटक करत राहिली, तरी पाय थांबेना. त्यांना हात धरून मला उठवावं लागलं.

आपा पुन्हा घोडीवर बसली नाही. लेक तिला वणीला घेऊन गेली. एकदा आम्ही भेटायला गेलो. ती बाजेवर होती. शेजारणींना बोलावून तिनं मला दाखवलं. म्हणाली, "या पोरीनं माहं खोगीर लेकरासारखं सांभाळलं. मीच करंटी." सगळ्या माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. आणि मी हसले. ते हसू मला आजही आठवतं – ते तोंड माझंच होतं?

आपा वारली, ती भीमाचा जीव आपल्या घाईनं गेला असंच समजून.

पुढे नवऱ्याची बदली व्हायची ठरली, तेव्हा मी लेतूच्या पोडावर गेले. सांगायलाच गेले होते, असं मी स्वतःला सांगितलं होतं. लेतू कुडाला माती लिंपत होता. त्यानं मला ओळखलं. हात धुतले, मला बसायला घोंगडी टाकली. आतून सात-आठ वर्षांची एक मुलगी पाण्याचा गडवा घेऊन आली. कोण, ते विचारायची गरज नव्हती.

त्यानं आपाची चौकशी केली. ती वारल्याचं मी सांगितलं. तो समोर जमिनीवर बसला. मग म्हणाला, "लई रडत व्हती गाडीत. मी म्हटलं, बाई, तुमचा दोष नाही. पट्टा तुटला, त्याले कोण काय करन? हाये का कोणाचा दोष, सांगा बरं?"

मुलगी दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी गडवा खाली ठेवला.

म्हटलं, "नाही. कोणाचाच नाही."