बसलेलं गवत

माझ्या मेहुण्याने माझ्या बायकोला फसवलं. ती त्याची सख्खी थोरली बहीण. लोक म्हणतात, तीन डबे गवतावरून हा माणूस अजून धुमसतो. धुमसतो. आणि सुरुवातही गवतापासूनच करावी लागेल, कारण फसवणूक त्याच्याच आडून झाली.

माझा धंदा कुंड्या भाड्याने देण्याचा. गिरगावातल्या लग्नाच्या हॉलांत, दादरच्या सभांत व्यासपीठाच्या पायरीवर ज्या हिरव्या कुंड्या दिसत, त्यांतल्या बऱ्याच माझ्या असत. कोकणातून आलो तेव्हा दुसऱ्याच्या हातगाडीवर कुंड्या वाहिल्या. पुढे हातगाडी माझी झाली, मग कुंड्या. कुणी उचलून हातावर ठेवलं नाही. घासाघीस करून, प्रसंगी कॉलर धरून मिळवलं.

धंद्याला मुख्य झाड एकच, ठिपकेवालं. बागेतले शिकलेले लोक त्याचं लांबलचक इंग्रजी नाव घेत, आम्ही ठिपकेवालं म्हणायचो. जाड दांडा, आणि वर हाताच्या पंजाहून मोठी पानं, त्यांवर पांढरे शिंतोडे. जिन्याखालच्या अंधारात ठेवा, ओल्या फडक्याने पानं पुसा, हॉलात नेलं की साहेबासारखं उभं राहतं. पण उन्हाचं त्याला वावडं. दोन दिवस ऊन लागलं की पान कागदासारखं करपतं. आणि त्याचा चीक जिभेला लागला तर माणसाचा घसा बसतो, म्हणून लहान मुलांना आम्ही जवळ जाऊ देत नसू.

गवत माझ्याकडे अपघाताने आलं. माहीमच्या एका बंगल्यात नवा मालक जुनी बाग उपटून काढत होता. मी म्हटलं, कचरा फुकट उचलतो, हा गड्डा मला द्या. पुरुषभर उंच गवत. पात्याच्या कडेला पांढरी रेघ, पावसाळा सरला की डोक्यावर रुपेरी तुरे. मी मोठ्या ऐटीत ते गिरगावच्या एका हॉलवाल्याला दाखवायला नेलं.

"लग्नाला गवत?" तो म्हणाला. "पंगतीला गुरं बसणार आहेत काय?"

"तुमची गेल्या खेपेची पंगत मी बघितलीय," मी म्हटलं. "म्हणूनच आणलं."

ते काम गेलं. गवत घरी आलं.

घर म्हणजे डिलाईल रोडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, शेवटची, आणि तिच्यापुढचा गॅलरीचा तुकडा. त्याच सुमारास बायकोच्या खोकल्यातून रक्त पडलं. परळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी क्षय सांगितला. सुया सुरू केल्या आणि बजावलं, मध्ये खंड पडता कामा नये, आणि बाईला उजेडावाऱ्यात झोपवा. खोलीत ना उजेड ना वारा. खाट गॅलरीत टाकणं भाग होतं. पण चाळीला कळलं असतं तर तिला दुसऱ्या दिवशी घालवून दिलं असतं. साडी आडवी बांधली तर चार जण विचारणार, आत काय आहे? कुंडीवाल्याच्या दारात कुंड्या दिसल्या तर कोण विचारणार?

मी आधी ठिपकेवाली झाडं लावून बघितली आणि तिथे मला त्या झाडाची खोट कळली. वरून भारदस्त, खालून उघडं. उभ्या माणसाला ते झाकतं, खाटेवर पडलेल्या माणसाला नाही. गवत जमिनीपासूनच दाट. तेलाच्या तीन पत्र्याच्या डब्यांत गड्डा वाटून लावला आणि त्याच्या मागे माझी बायको दिसेनाशी झाली. खोकली तर पात्यांच्या सळसळीत थोडं दबूनही जायचं. ती म्हणायची, "अहो, ठिपकेवालं कसं, बघणाऱ्यासाठी उभं असतं. हे माझ्यासाठी आहे."

थंडीत हे गवत वरून वाळतं. पेंढ्यासारखा रंग येतो, अगदी मेल्यासारखं दिसतं. पण काड्या तशाच दाट उभ्या राहतात आणि मूळ जिवंत असतं. आमच्या घरात त्याला म्हणायचे, गवत बसलं. होळीच्या सुमारास एकेक डबा चार बोटं ठेवून कापायचा. एकाला फुटवा येऊन तो उंच झाला की दुसरा, म्हणजे आडोसा पूर्ण कधीच उघडा पडत नाही. हे काम मेहुणाच करायचा. दोन वर्षं त्याने स्वतःच्या हाताने ते गवत कापलं होतं आणि दोन्ही वर्षं उठलेलं बघितलं होतं. हे ध्यानात ठेवा.

मेहुणा माझी हातगाडी ओढायचा, आमच्याच खोलीत जेवायचा, जिन्याच्या चौकात झोपायचा. गावी त्याचं लग्न झालं होतं आणि बायको माहेरी बसून होती. अधूनमधून तो विचारायचा, "भावोजी, तिला कधी आणू?"

"आधी तुझ्या बहिणीला बरं वाटू दे. मग बघू."

तो पानं पुसत राहायचा.

तिसऱ्या थंडीत संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगावातल्या घराघरांतून माणसं सत्याग्रहाला निघत होती. आमच्या चाळीतून निघालेल्या तुकडीत मीही होतो. पोलिसांनी गाडीत कोंबलं तेव्हा मेहुणा गर्दीत खाली उभा होता. घोषणांत काही ऐकू येत नव्हतं. मी जाळीतून ओरडलो, "गवत बसेल रे आता! बघ जरा!" त्याने मान हलवली.

सुटलो तेव्हा होळी होऊन गेली होती. जिना चढून वर आलो तर गॅलरी मोकळी. खाट नाही, डबे नाहीत. कठड्याशी तीन ठिपकेवाली झाडं, पानं करपून खाली लोंबलेली. आत चुलीशी एक अनोळखी पोरगी. पदर सावरून ती मलाच म्हणाली, "कोण पाहिजे?"

मेहुणा नळावरून आला, तेव्हा कळलं, ती त्याची बायको. मी विचारलं, "गवत कुठाय?"

"बसलं ना, भावोजी. काढून टाकलं."

"बसलं म्हणजे काय?"

"बसलं म्हणजे बुडालं. तुम्हीच नाही का म्हणत, अमक्याचा धंदा बसला? गाडीतून सांगून गेलात, गवत बसेल, बघ. मी बघितलं."

"आणि तुझी बहीण?"

त्याने जे सांगितलं ते असं. गवताच्या जागी त्याने ठिपकेवाली झाडं लावली. त्यांच्या दांड्यांमधून ती खाटेवर डब्यात थुंकताना शेजाऱ्यांना दिसली. चाळ जमली. मग त्याचा नाइलाज झाला आणि त्याने तिला कोकणच्या बोटीत बसवलं.

शेजारची मावशी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्यावर नको ढकलू रे. आमची पोरंबाळं हायत, आम्ही बोललो, खोटं कशाला? पण तिची वळकटी तू आदल्या दिवशीच बांधून ठेवलेलीस. आम्ही बघायच्या आधी."

मी हात उचलला. मावशी मध्ये आली म्हणून तो वाचला. दुसऱ्याच दिवशी मी बोट पकडली.

गावच्या घरात ती पडवीत होती. सुया बंद पडून दीड महिना झाला होता. हाताची काडी झालेली. मला बघून रडली नाही. म्हणाली, "भाऊ म्हणाला, तुमचा तुरुंगातून निरोप आला. गवत बसलं तर फेकून दे, आणि हिलाही गावी पोचव."

मी म्हटलं, असा निरोप मी दिला नाही. शपथ घेतली. तिने ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "बसलं म्हणजे उठतं ना हो? मग काढलं कशाला?"

वैशाखात ती गेली. माझ्या शपथेवर तिचा विश्वास बसला की नाही, मला माहीत नाही. आजही नाही.

त्या खोलीत मी पुन्हा झोपलो नाही, ती मेहुण्याकडेच राहिली. कुंड्या उचलल्या आणि माहीमला बिऱ्हाड केलं. महाराष्ट्र झाला त्या दिवशी मेहुणा पेढा घेऊन दारात आला. "झालं गेलं विसरा, भावोजी. आज तरी."

मी म्हटलं, "दोन वर्षं तू ते उठताना बघितलंस. मग बसलं म्हणजे बुडालं, हे तुला कुणी शिकवलं?"

त्याने गळ्याला हात लावला. "घोषणा देऊन घसा बसलाय," असं घोगरं पुटपुटला आणि जिना उतरून गेला. पेढा उंबऱ्यावर राहिला. मी तो उचलला नाही.

घोषणांनी बसलेला घसा चार दिवसांत मोकळा होतो. तुझा अजून झालेला नाही. मला तुझी माफी नको, खोलीही नको. तिने शेवटचा प्रश्न मला विचारला, कारण तू तो निरोप माझ्या नावावर खपवलास. प्रश्न तुझ्यासाठी होता. गावच्या त्या पडवीत जाऊन उभा राहा आणि मोठ्याने सांग, गवत का काढलंस.